न शिजवता होणारे फळे-चीजचे स्टार्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पदार्थ नेमका आहे तरी काय?

ताज्या फळाचा एका घासाएवढा तुकडा आणि त्याच्या जोडीला चीजचा तेवढाच तुकडा एका काडीवर ओवायचा, मध्ये पुदिन्याचे पान अडकवायचे, वरून मिरपूड भुरभुरायची आणि जेवणाआधी पाहुण्यांसमोर ठेवायचे, एवढाच हा पदार्थ आहे. ज्यांचे बालपण १९८० किंवा १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यात गेले, त्यांना याचा पूर्वावतार आठवत असेल. वाढदिवसाच्या टेबलावर कोबीचा एक गड्डा चकचकीत फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेला असे आणि साळिंदराच्या काट्यांसारख्या त्याच्यावर चीज, डबाबंद अननस आणि लालभडक चेरी यांच्या काड्या खोचलेल्या असत. ही कल्पना इंग्लंडातली; तिथे १९७० च्या दशकात ती घरोघरच्या पार्ट्यांमध्ये फार लोकप्रिय होती. आपल्याकडे आलेल्या आवृत्तीतली ती चेरी मात्र पुष्कळदा चेरी नसून पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंद असे. डब्यातला अननस आणि रंगीत करवंद बाजूला ठेवून त्या जागी हंगामातले ताजे फळ आणले, की आजचा पदार्थ तयार होतो.

सहा ते आठ माणसांसाठी किती साहित्य लागते?

माणशी तीन ते चार काड्या धरल्या तर चोवीस काड्या पुरतात. त्यासाठी २०० ग्रॅम चीजचा ठोकळा, बारा मध्यम स्ट्रॉबेरी, चोवीस बिनबियांची द्राक्षे, पुदिन्याची चोवीस पाने, ताजी भरडलेली मिरी आणि अर्धा लिंबू लागते. २०० ग्रॅमच्या ठोकळ्याचे दोन सेंटिमीटर बाजूचे साधारण चोवीस तुकडे होतात, त्यामुळे हिशेब सोपा जातो. पंचवीस ग्रॅमचे सुटे क्यूब घरात असतील तर एकाचे चार तुकडे करावेत. म्हणजे सहा क्यूब पुरतात, तुकडा मात्र थोडा लहान होतो. द्राक्षे चोवीसच लागत असली तरी पाव किलो आणावीत. घडातली सगळी द्राक्षे सारख्या आकाराची नसतात, मऊ पडलेली काढून टाकावी लागतात, आणि चिरणाऱ्याच्या तोंडात चार जातातच.

प्रत्यक्ष कृती कशी करावी?

सर्वांत आधी फळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. स्ट्रॉबेरी धुताना तिची हिरवी टोपी काढू नये, कारण टोपी काढली की देठाच्या खळग्यातून पाणी आत शिरते आणि फळ पुळचट लागते. धुतलेली फळे सुती पंचावर किंवा जुन्या मऊ साडीच्या फडक्यावर एकमेकांना न चिकटतील अशी पसरावीत आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच राहू द्यावीत. घाईच्या वेळी हीच पायरी गाळली जाते, आणि पुढे ताटलीत जो ओला पसारा होतो त्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

चीज फ्रीजमधून काढल्याबरोबर, थंड आणि घट्ट असतानाच कापावे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतली आणि दर दोन-तीन कापांनंतर पुन्हा पुसली, तर कडा नीट येतात. स्ट्रॉबेरीची टोपी आता काढून तिचे उभे दोन भाग करावेत.

ओवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. काडीच्या टोकावर आधी द्राक्ष घ्यावे आणि तेही देठाच्या खाचेतून टोचून, कारण मधूनच टोचले तर साल चिरते आणि रस बाहेर येतो. त्यानंतर स्ट्रॉबेरीचा अर्धा भाग, कापलेली बाजू खाली करून. मग पुदिन्याचे पान. आणि सर्वांत शेवटी चीजचा तुकडा. काडीचे टोक चीजच्या तळातून बाहेर येता कामा नये. ते आतच राहिले म्हणजे काडी चीजच्या सपाट तळावर उभी राहते आणि ताटली हलली तरी आडवी होत नाही. मधले पान केवळ शोभेसाठी नसते. स्ट्रॉबेरीचा कापलेला ओला भाग आणि चीज यांच्यामध्ये ते आडोशासारखे काम करते. सगळ्या काड्या मांडून झाल्या की वर मिरपूड भुरभुरावी, आणि लिंबाचे दोन-चार थेंब फक्त फळांवर पडतील असे बेताने शिंपडावेत. सराव असलेल्या हाताला फळे वाळण्याचा वेळ सोडून पंचवीस मिनिटे पुरतात.

गोड फळाबरोबर खारट चीज चांगले कसे लागते?

पेरूला तिखट-मीठ लावून खाणाऱ्या आणि कैरीची फोड मिठात बुडवणाऱ्या माणसांना हे वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. मीठ जिभेला जाणवणारा कडवटपणा दाबून टाकते, आणि तो दबला की फळाची मूळची गोडी अधिक स्पष्ट कळते. चीजमध्ये त्याखेरीज स्निग्धांश भरपूर असतो. त्याचा थर जिभेवर बसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासानंतर तोंड जड वाटू लागते. फळातला आंबटपणा आणि रस तो थर धुऊन काढतात, म्हणून पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. यावरून निवडीचा एक साधा नियम निघतो: फळ जितके नुसते गोड, तितके चीज अधिक खारट किंवा उग्र असावे, आणि फळ आंबटसर असेल तर चीज सौम्य, दुधाळ चालते.

ही जोडी जगात अनेकांना स्वतंत्रपणे सापडलेली आहे. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर फेटा खातात. स्पॅनिश भाषेत द्राक्षे आणि चीज यांची चव चुंबनासारखी असते अशी एक म्हण आहे. इटालियन म्हण अधिक खोडकर आहे: नासपतीबरोबर चीज किती चांगले लागते हे शेतकऱ्याला कळू देऊ नका, असे ती सांगते, कारण नासपती त्याच्याच झाडाची असते आणि त्याला कळले तर मालकाच्या वाट्याला काही उरणार नाही.

कोणते चीज घ्यावे? साधे प्रोसेस्ड चीज चालेल का?

चालेल, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडले तर मनावर घेऊ नये. प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात पायसीकारक क्षार घालून पुन्हा घट्ट केलेला ठोकळा. या क्षारांमुळे त्यातील स्निग्धांश आणि पाणी वेगळे होत नाहीत, म्हणूनच एप्रिलच्या उकाड्यातही त्याचा तुकडा आकार सोडत नाही, तेल सोडत नाही आणि काडीवर तुटत नाही. चव एकसुरी असते हे खरे. पण ती ठरलेली आणि पुरेशी खारट असल्याने गोड द्राक्षांबरोबर ती उत्तम जुळते.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर चेडार किंवा गौडा घ्यावे. मुरवलेल्या चेडारमध्ये एक तीक्ष्ण आंबूसपणा असतो, जो सफरचंद आणि नासपती यांच्याबरोबर विशेष खुलतो. गौडाची गोडसर, खमंग चव अंजिराला शोभते. गौडाच्या भोवतीचे लाल किंवा पिवळे मेणाचे आवरण काढून टाकायचे असते. याउलट ब्री किंवा कॅमेम्बेरच्या भोवतीची पांढरी साय खाण्याची असते, आणि ती खरवडून टाकणारी मंडळी पाहिली की मला वाईट वाटते. फेटा खारवलेल्या पाण्यात ठेवलेले असते आणि भुसभुशीत असल्याने काडीवर टिकत नाही. ते कलिंगडाच्या चौकोनी फोडीवर चुरून घालावे. युरोपात २००२ पासून फेटा हे नाव केवळ ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतल्या, मेंढीच्या किंवा मेंढी-शेळीच्या मिश्र दुधाच्या चीजला वापरता येते. आपल्याकडे त्या नावाने मिळते ते बहुधा गाईच्या दुधाचे असते आणि चवीला अधिक सौम्य लागते. निळ्या बुरशीचे चीज प्रत्येकाला रुचत नाही, म्हणून ते वेगळ्या वाटीत ठेवावे आणि ज्याला हवे त्याने नासपतीच्या फोडीला लावून घ्यावे.

पिझ्झासाठी मिळणारे मोझरेला मात्र घेऊ नये. ते वितळण्यासाठी बनवलेले असते. थंड खाल्ले तर रबरासारखे लागते. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेला वेगळे. त्याच्या लहान गोळ्या चांगल्या निथळून घेतल्या तर स्ट्रॉबेरीबरोबर फार छान लागतात.

चीजऐवजी पनीर किंवा चक्का वापरता येईल का?

पनीर वापरता येते, पण ते त्याच दिवशीचे, मऊ आणि ताजे असले पाहिजे. फ्रीजमध्ये कडक झालेले, भाजीसाठी राखलेले पनीर फळाबरोबर खडूसारखे लागते. शिवाय पनीरमध्ये मीठ नसते, त्यामुळे वर सांगितलेला खारट-गोड मेळ आपोआप साधत नाही. पनीरच्या तुकड्यांना आधी थोडे मीठ, जाडसर जिरेपूड आणि लिंबाचा रस लावून दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे ते जिवंत होते. मुंबईत किंवा सुरतेकडे पारशी पद्धतीचे टोपली पनीर कधी मिळाले तर ते सोडू नये. ते आम्ल न घालता रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, विरजलेले, खारट पाण्यात ठेवलेले आणि खरवसासारखे लुसलुशीत असते. त्याला काडी टोचू नये, चमच्याने फळाच्या फोडीवर ठेवावे.

चक्का ही आपल्या घरातली सर्वांत सोयीची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. श्रीखंडासाठी दही टांगतो तसेच रात्रभर टांगावे, सकाळी त्यात मीठ, मिरपूड आणि बारीक चिरलेला पुदिना घालून घोटावे आणि अंजिराच्या किंवा चिकूच्या फोडीवर लहान चमच्याने ठेवून वर डाळिंबाचे दाणे पेरावेत. दुकानात मिळणारा चक्काही चालतो. फक्त तो साखर घातलेला नाही ना, हे विचारून घ्यावे.

कोणत्या महिन्यात कोणते फळ घ्यावे?

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हिवाळ्याचा शेवट आणि उन्हाळ्याची सुरुवात हा या पदार्थासाठी सर्वांत उदार काळ आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि नाशिकची द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या काळात बाजारात असतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही एकाच पाटीत मिळतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नाशिकची द्राक्षे या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. द्राक्षांमध्ये थॉमसन किंवा सोनाका ही हिरवी-पिवळसर, बिनबियांची जात काडीसाठी चांगली. शरद सीडलेस ही काळी जात अधिक गोड असते आणि खारट चीजबरोबर तिचा रंगही उठून दिसतो. द्राक्षावर जो पांढरट धुरकट थर दिसतो तो फळाचे स्वतःचे नैसर्गिक मेण असते. त्याला औषधाची फवारणी समजून घासत बसण्याचे कारण नाही, साधे नीट धुणे पुरते.

अंजिराबद्दल मात्र थोडे पक्षपाताने लिहितो. पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येणारे मीठा बहराचे फळ नावाप्रमाणेच अधिक गोड असते. सासवडच्या रस्त्याने येताना पानांवर रचलेल्या पाटीतून अंजीर घ्यायचे असेल तर देठाशी किंचित सुरकुतलेले, बोटाला मऊ लागणारे आणि तळाला मधाचा थेंब दिसू लागलेले निवडावे. टणक, तुकतुकीत अंजीर दिसायला सुंदर पण चवीला गवतासारखे असते. घरी आणल्यावर ते दुसऱ्या दिवसासाठी राखू नये. देठ काढून वरून अधिक चिन्हासारखा छेद द्यावा, तळाला चिमटीत हलके दाबावे म्हणजे चार पाकळ्या उमलतात, आणि त्या पोकळीत चीजचा किंवा चक्क्याचा छोटा गोळा बसवावा. त्यावर मिरीचे दोन भरड दाणे. या एका घासासाठी काडीचीही गरज नाही.

पावसाळ्यात स्थानिक पर्याय कमी होतात, तेव्हा हिमाचल-काश्मीरकडची नासपती आणि पुढे सफरचंदे येतात, ती चेडारबरोबर घ्यावीत. थंडीत पेरू असतो. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडलेली लखनौ-४९ ही जात, जिला सरदार असेही म्हणतात, आजही बाजारात भरपूर दिसते. तिची अर्धवट पिकलेली, कुरकुरीत फोड, वर चीजचा पातळ काप आणि तिखट-मीठ हे स्टार्टर तर पाहुणे येण्याआधीच संपण्याचा धोका असतो. सीताफळ, संत्रे आणि जांभूळ या कामाला निरुपयोगी आहेत. बिया, साली आणि डाग यांचा व्याप फार होतो.

हापूस आंब्याबरोबर चीज कसे लागेल?

हापूस एकटाच खावा.

ताज्या अननसाचा किंवा पपईचा तुकडा चीजवर ठेवला तर कडू का होतो?

हा प्रश्न मला एका हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री पडायला हवा होता. तो पडला दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडे चाळीस बायका यायच्या होत्या, म्हणून वेळ वाचवण्यासाठी ताज्या अननसाचे बारीक तुकडे मीठ लावलेल्या चक्क्यात मिसळून रात्रीच फ्रीजमध्ये ठेवले होते. सकाळी झाकण काढले तर चक्का पातळ पळीवाढा झाला होता आणि चाखला तर कारल्यासारखा कडू. दूध नासके असावे असा आरोप आमच्या दूधवाल्यावर झाला. तो बिचारा निर्दोष होता.

अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते, आणि ते प्रथिने तोडते. दुधातील प्रथिनांचे लांब धागे तुटून जे लहान तुकडे होतात, त्यांतले काही चवीला कडू असतात; शिवाय प्रथिनांचीच जाळी तुटल्याने घट्ट वस्तू पातळ होते. पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि अंजिरात फिसिन ही त्याच कुळातली विकरे असतात. पपई आणि अंजीर यांच्या कच्च्या फळाच्या चिकात ती अधिक असतात आणि फळ पिकेल तशी कमी होतात. गंमत अशी की प्राचीन ग्रीसमध्ये याच अंजिराच्या चिकाने दूध विरजून चीज करीत. म्हणजे जे चीज घडवते तेच अधिक वेळ मिळाला तर ते बिघडवते.

यावर उपाय सोपा आहे. ही फळे वाढण्याच्या दहा मिनिटे आधीच चीजला भिडवावीत. एवढ्या वेळात काही बिघडत नाही. पनीर आणि चक्का या मऊ वस्तूंवर परिणाम लवकर होतो, घट्ट चेडार किंवा प्रोसेस्ड चीजवर सावकाश होतो. डबाबंद अननसाला ही भीती नाही, कारण डबा भरताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलेन निकामी झालेले असते. त्या जुन्या कोबीवरच्या काड्या दुपारपासून रात्रीपर्यंत टिकत, त्याचे रहस्य हेच होते.

फळांना पाणी सुटून ताटली ओली होते. काय करावे?

फळांवर मीठ किंवा साखर घालून ठेवू नये, ही पहिली गोष्ट. दोन्ही फळातले पाणी बाहेर ओढतात. मीठ चीजमध्ये आहेच, आणि चाट मसाला हवाच असेल तर तो अगदी शेवटी भुरभुरावा किंवा वेगळ्या वाटीत ठेवावा. कलिंगड आणि खरबूज यांच्या फोडी करून चाळणीत दहा मिनिटे निथळाव्यात आणि फडक्याने टिपून घ्याव्यात. ताटलीत तळाला द्राक्षाची किंवा कर्दळीची धुऊन कोरडी केलेली पाने पसरली तर उरलेला ओलावा त्यांच्याखाली जातो आणि चीजचा तळ भिजत नाही.

सफरचंद आणि नासपती काळी पडू नये म्हणून?

चिरल्यावर फळातील विकराचा हवेशी संबंध येतो आणि फोड तपकिरी होते. दोन वाट्या थंड पाण्यात एका लिंबाचा रस घालून फोडी त्यात दोन-तीन मिनिटे बुडवाव्यात आणि पुसून घ्याव्यात. मिठाचे सौम्य पाणीही चालते. तासाभराचा प्रश्न यातून सुटतो; त्याहून आधी चिरू नये.

किती आधी करून ठेवता येते आणि बाहेर किती वेळ टिकते?

सुटे भाग सकाळी तयार करून ठेवता येतात: चीज कापून हवाबंद डब्यात, द्राक्षे धुऊन पूर्ण कोरडी करून दुसऱ्या डब्यात, पुदिना ओलसर फडक्यात. स्ट्रॉबेरी मात्र आयत्या वेळीच धुवावी. ओली करून ठेवलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळपर्यंत बुरशीला आमंत्रण देते. ओवण्याचे काम पाहुणे येण्याच्या तासभर आधी करावे आणि काड्या झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

अगदी गार चीजला चव नसते, म्हणून वाढण्याआधी ते थोडे बाहेर काढावे. युरोपीय पुस्तकांतून सांगितलेला तासाभराचा अवधी मुंबईच्या हवेत पाळू नये. येथे पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एरवी हा पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि तापमान ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल, म्हणजे नागपूर-जळगावकडच्या उन्हाळ्यात गच्चीवर बैठक असेल तर, एका तासातच संपवावा. सगळ्या काड्या एकदम न मांडता दोन खेपांत मांडणे हा त्यावरचा सोपा मार्ग आहे.

लहान मुलांना देता येईल का?

देता येईल, पण काडीवर नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे द्राक्ष देऊ नये. ते गुळगुळीत असते, त्याचा आकार श्वासनलिकेत अडकण्याजोगा असतो, आणि अडकले तर सहज निघत नाही. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. आडवे काप करू नयेत, कारण गोल चकतीही अडकू शकते. चीजही बारीक कापावे. टूथपिकचे टोक लहान हातात नको, म्हणून त्यांची वाटी वेगळी करावी. वर मध सोडण्याची पद्धत असेल तर एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

गरोदर स्त्रियांनी पाश्चरीकरण न केलेल्या दुधाचे मऊ चीज, तसेच ब्रीसारखे बुरशीने मुरवलेले आणि निळ्या बुरशीचे चीज टाळावे. पाश्चरीकृत दुधाचे घट्ट चीज किंवा प्रोसेस्ड चीज त्यांच्यासाठी सुरक्षित पर्याय आहे. ज्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायचे आहे त्यांनी प्रोसेस्ड चीजऐवजी ताजे पनीर घ्यावे.

पाहुण्यांमध्ये शुद्ध शाकाहारी, जैन किंवा उपवासाची मंडळी असतील तर?

चीज करताना दूध गोठवण्यासाठी रेनेट वापरतात आणि पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असते. वेष्टनावर हिरवी खूण असेल तर सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेले रेनेट वापरलेले असते. परदेशातून कोणी आणलेल्या चीजवर ही खूण नसते, तेव्हा घटक वाचून पाहावेत. इटलीचे अस्सल पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच वासराच्या रेनेटने करतात.

अनेक जैन घरांत अंजीर आणि मध दोन्ही वर्ज्य असतात, म्हणून त्यांच्यासाठी द्राक्ष-चीज किंवा सफरचंद-पनीर अशा काड्या वेगळ्या ताटलीत ठेवाव्यात आणि तसे आधी सांगावे. उपवासाला काय चालते हे घराघरावर अवलंबून आहे. ज्या घरी प्रोसेस्ड चीज चालत नाही तेथे घरचा चक्का, सैंधव मीठ आणि फळ यांवर आक्षेप येण्याची शक्यता कमी. मिरी चालते की नाही, हे यजमानीणबाईंना विचारूनच ठरवावे.

गोव्याच्या पेरादबरोबर चीज खातात, ते याच प्रकारचे का?

होय, आणि ते मिळाले तर निम्मे काम वाचते. पेराद म्हणजे पेरूचा गर साखरेबरोबर आटवून केलेली घट्ट वडी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या कुस्वारात, म्हणजे सणाच्या गोडधोडात, ती असतेच. पोर्तुगीज भाषक जगात पेरूची अशी वडी आणि चीज यांची जोडी जुनी आहे. ब्राझीलमध्ये तिला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. तयार पेरादचा पातळ काप, तेवढाच खारट चीजचा काप आणि त्यांच्यामध्ये ताज्या पेरूची कुरकुरीत फोड ठेवली तर शिजवलेल्या आणि ताज्या पेरूच्या दोन्ही चवी एका घासात येतात. पेराद फार गोड असते, म्हणून येथे सौम्य चीज घेऊ नये.

आम्ही परदेशात राहतो. तिथे काय बदलावे?

तिथे चीजची निवड आपल्यापेक्षा कितीतरी मोठी असते, तेव्हा अडचण उलट आहे: भारतीय दुकानातले पनीर बहुधा गोठवलेले आणि भाजीसाठीचे असते, ते या कामाला घेऊ नये. त्याऐवजी रिकोटा किंवा शेळीच्या दुधाचे मऊ चीज घ्यावे, त्यात जिरेपूड आणि मिरी घालावी. हलूमी दिसायला पनीरसारखे असले तरी ते तव्यावर भाजल्याशिवाय दाताखाली चिरचिरते, म्हणून येथे चालत नाही. फळांत पिकलेली नासपती आणि शरदातले ताजे अंजीर यांना प्राधान्य द्यावे. चाट मसाल्याची डबी भारतातून नेलेली असेलच.

उरलेल्या काड्यांचे काय करावे?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेल्या काड्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाता येतात, मात्र त्या काडीवरून सोडवून फळे आणि चीज वेगवेगळ्या डब्यांत ठेवावीत. मऊ पडलेली स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे दह्यात घालून घुसळावीत. चीजचे तुकडे किसून सकाळच्या टोस्टवर किंवा थालीपिठावर घालावेत; तेव्हा गॅस पेटवायला हरकत नाही.